बसलीची

“ही ओळ घ्यायची नाही,” गुरुजीकाका म्हणाले आणि त्यांनी वहीतल्या त्या ओळीवर पट्टी आडवी ठेवली. “इथून थेट पुढच्या ठरावाला जायचं.”

“का हो, काका?”

“का म्हणजे? नाही घ्यायची.”

पट्टी सहा इंची होती आणि ओळ सात इंची. शेवटचे दोन शब्द बाहेर डोकावत होते: ‘सबब पंक्तीबाहेर’.

मी मान हलवली आणि पुढच्या ठरावाला गेले. टाइप करणाऱ्या बाईनं वाद घालायचा नसतो, हे मी दुकान काढलं त्याच वर्षी शिकले होते.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. दिवटे घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं ठरलं होतं. आम्ही कोष्टी, पंचगंगेच्या काठचे विणकर. दिवटे आडनाव असलं की माणसाला थट्टा सोसायची सवय लहानपणीच लागते. शाळेतला प्रत्येक मास्तर एकदा तरी ‘काय रे दिवट्या’ म्हणून स्वतःच हसून घेतो. मी पुढं त्याच गावातल्या फाट्यांच्या घरी पडले. आडनाव सुधारलं म्हणावं तर तसंही नाही. माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं, म्हणून पुस्तक टाइप करायचं काम माहेरच्यांनी हक्कानं माझ्यावर टाकलं.

सगळं साहित्य गुरुजीकाकांचं. वडिलांचे ते चुलत-चुलतभाऊ. अडतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेलं, आणि गावात मोडी वाचू शकणारा एकटा माणूस म्हणून ख्याती. चौंडेश्वरीच्या देवळात जातीच्या पंचांची जुनी मोडी वही होती. कुणाचा न्याय काय झाला, कुणाला पंगतीत घेतलं, कुणाला काढलं, सगळं तिच्यात. काकांनी तरुणपणी ती आपल्या सुंदर अक्षरात उतरवून घेतली होती. त्यातून आणि माणसांना विचारून विचारून त्यांनी सात पिढ्यांची वंशावळ बांधली होती. काका तसे पुढारलेले. प्रत्येक पुरुषापुढं ‘व्यवसाय’च्या शेजारी ‘पत्नी’ असाही रकाना त्यांनी आग्रहानं घातला होता आणि गावोगाव पत्रं टाकून नावंही मिळवली होती. सगळ्या वंशावळीत फक्त एका माणसापुढं आडवी रेघ होती. येसू बाळू दिवटे. पत्नी: रेघ. मुलगा: रावजी.

रावजी म्हणजे माझे आजोबा.

पट्टीखाली काय आहे ते मला माहीत होतं. म्हणजे शब्द माहीत नव्हते, माणूस माहीत होतं.

आमचं घर दिवट्यांत ‘बसलीचं घर’ म्हणून ओळखलं जाई. मी बसलीची पणती. लहानपणी मला वाटायचं, पणजी भलतीच आळशी असणार. दिवसभर पाय पसरून बसून राहत असेल, म्हणून नाव पडलं. एकदा पाहुण्यांसमोर मी तसं म्हणालेही, तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला. अकरा-बारा वर्षांची झाल्यावर कळलं, की आमच्याकडं बाई ‘बसली’ म्हणजे नवऱ्यामागं लग्नावाचून कुणाच्या तरी घरात जाऊन राहिली. त्या कुणाचं नाव काय, घर कुठल्या गल्लीत, हे शंभर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आजोबा त्या विषयावर तोंड उघडत नसत. फार तर म्हणत, “आईनं लई कष्टानं वाढवलं.” ‘कष्ट’ या शब्दावर ऐकणारे एकमेकांकडं बघत.

लग्नाकार्यात आम्हाला कुणी उठा म्हणत नसे. एवढं उघड आता कोण बोलतं? पण आई आपण होऊन शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राही. कुणी बस म्हटलं की, “मला भूक नाही गं,” म्हणायची. इतक्या लग्नांत एकदाही भूक न लागलेली दुसरी बाई मी पाहिली नाही. ती गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

तर मी पुढचा ठराव लिहून घेतला, वही मिटली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “काका, पुस्तकात मूळ वहीच्या एका पानाचा फोटो टाकूया का? शोभा येईल.”

काका खुलले. मूळ वही देवळातून आणून त्यांनी कपाटात ठेवली होती. लाल कापडातून त्यांनी ती अलगद काढली. पानं सुटी झाली होती. मी चाळल्यासारखं केलं आणि पट्टीखालच्या ठरावाचा शक बघून नेमकं तेच पान उचललं. “हे छान आहे. शाई गडद आहे.”

“ते नको.”

“काका, मोडी आहे. कोण वाचणारेय?”

ते हसले. “तेही खरंच. ने. पण जपून.”

खरं सांगायचं तर मला मोडी येत होती. जातीच्या दाखल्यांसाठी जुने कागद घेऊन लोक माझ्या दुकानात यायचे, झेरॉक्स काढायचे, आणि काकांनी डोळ्यांपायी बाहेरचे कागद वाचणं सोडलेलं, दुसरा वाचून देणारा माणूस कोल्हापुरात, म्हणून तोंड पाडून परत जायचे. मला ते बघवेना. एक पुस्तिका आणली आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा अक्षरं गिरवत बसले. दोन वर्षं लागली. पण दहावी नापास बाई मोडी वाचते, हे सांगून कोण ऐकणार? म्हणून कुणाला बोलले नव्हते.

दुपारी ते पान मी स्कॅनरवर ठेवलं आणि पडद्यावर एवढं मोठं केलं, की एकेक अक्षर तळहाताएवढं झालं. काकांनी पट्टीखाली झाकलेली ओळ मी पहिल्यांदा वाचली. मग पुन्हा वाचली. मग त्याच पानावरचे, त्याच हाताचे दुसरे शब्द शोधले आणि त्यांच्याशी ताडून पाहिली. एक गिऱ्हाईक रेशनकार्डाची झेरॉक्स मागत होतं. त्याला मी तीन वेळा “थांबा” म्हटलं आणि शेवटी कोऱ्या कागदाची झेरॉक्स दिली.

रविवारी सकाळी काकांच्या घरी मुद्रितं तपासायला बसलो. काका, मी आणि मोहनदादा. मोहनदादा भावकीतला माझा लांबचा चुलतभाऊ, चोवीस पॉवरलूमचा मालक आणि समितीचा चिटणीस. काकांची थोरली बहीण बनाआत्या आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गवारी मोडत बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, पण कान तरण्याताठ्या पोरीचे.

मोहनदादा बोट फिरवत फिरवत तिसऱ्या पानावर थांबला.

“उजू, इथं रेघ होती की गं.”

“होती.”

“आता ‘सुंद्रा’ आलंय.”

“तिचं नाव सुंद्रा होतं, म्हणून आलंय.”

काकांनी चष्मा काढला. “तुला सांगितलं होतं, ती ओळ घ्यायची नाही.”

“ओळ घेतली नाही, काका. अजून तरी. नुसतं नाव घेतलंय.”

“पण का नाही घ्यायची ते ठाऊक आहे ना तुला? का माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय?”

“वदा की. तुम्ही काय वाचलंत ते एकदा सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे.”

काका वही न बघता, पाठ असल्यासारखं म्हणाले, “‘येसू बिन बाळू मयत. त्याची बायको सुंद्रा त्याचे मागे बसली. सबब पंक्तीबाहेर.’ झालं समाधान?”

“नाही. चुकीचं वाचलंय तुम्ही.”

शेजारच्या शेडमधल्या पॉवरलूमची खटखट एकदम मोठी झाली असं वाटलं. मोहनदादा हसला. “कुणी, गुरुजींनी?”

“‘मागे’ नाही ते. ‘मागी’ आहे. ‘त्याचे मागी बसली’.”

“आणि तुला मोडी कुणी शिकवली?”

“कुणी नाही.”

“मग चुकीचीच शिकली असशील.”

मी पिशवीतून मोठी करून काढलेली प्रत काढली आणि काकांच्या पुढ्यात ठेवली. “मात्रा असती तर रेघेच्या वर राहिली असती. हे बघा, याच माणसानं वर ‘पुढे’ लिहिलंय. आणि ही वेलांटी रेघेवरून वळून खाली उतरलीय. हे ‘घरी’, हे ‘ज्ञाती’. अगदी तश्शी.”

काका खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षांपूर्वी कंदिलाच्या नाही तर कसल्याशा उजेडात पुसट शाईतून वाट काढत गेलेला माणूस तो. पण मास्तर तो मास्तरच.

“वेलांटी दिसते खरी,” ते म्हणाले. “पण लिहिणाराची चूक असणार. ‘मागी’ असा शब्द मराठीत नाही.”

“घरी आहे, दारी आहे, शेजारी आहे.”

“असतील. मागी नाही. अडतीस वर्षं व्याकरण शिकवलंय मी.”

“काय न्हाई म्हणालास, शिरपा?” उंबऱ्यावरून आवाज आला.

“काही नाही, अक्का. तू मोड गवारी.”

“न्हाई, मागी न्हाई म्हणालास न्हवं? आन् मग आई तुला रोज काय म्हणायची? ‘शिरपा, आबा मागी बसलाय, भाकरी नेऊन दे.’ रोज म्हणायची. आन् तू भाकरीचा काठ वाटंतच खायाचास.”

काकांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. ते वाक्य ते मनात म्हणून बघत असावेत, आईच्या आवाजात. चार पिढ्या मागावर बसलेल्या घरातला माणूस. शाळेत गेला, शुद्ध बोलायला शिकला, आणि माग हा शब्दच त्याच्या कानातून उतरला. समोर लिहिलेला होता, तरी त्याला तिथं भलतीच बाई दिसली.

“म्हणजे...” मोहनदादा म्हणाला.

“म्हणजे नवरा मेल्यावर त्याच्या मागावर बसली,” मी म्हणाले. “पदरात पोर होतं. माग घरात होता. विणायला बसली. कुणाच्या घरी-बिरी गेली नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या मागावर.”

बनाआत्यानं गवारीचं सूप बाजूला सारलं. “मागाच्या खड्ड्यात उतरली?”

“उतरल्याशिवाय विणणार कशी, आत्या?”

“अगं बया.” ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “बाईनं सुताच्या कांड्या भरायच्या, सुताला लावायची खळ शिजवायची. खड्ड्यात पाय सोडून मागी बसायचं ते बाप्यानं. बाई उतरली तर माग बाटला म्हणायची. मी सात वर्षांची असताना खेळता खेळता उतरले होते, तर आबानं मला अंगणात उभं करून डोक्यावरनं पाणी घातलं आन् मागाला ऊद दाखवला. आन् ही रोज उतरायची?” तिनं डोळे बारीक केले. “आमच्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई, एवढंच ठाऊक हुतं. मला वाटायचं, काय तरी वंगाळ केलं असंल.”

मोहनदादानं मांडीवर थाप मारली. “चला! बरंच झालं. डाग गेला की गं तुमचा. टाक, नाव टाक. आणि खाली छान एक ओळ घे: ‘पतिनिधनानंतर पतिव्रताधर्माने राहून मुलाचे संगोपन केले.’”

“असं वहीत नाही.”

“अगं, चांगलंच लिहितोय ना?”

“वहीत आहे ते लिहा. मागी बसली, सबब पंक्तीबाहेर. आणि खाली पंचाची सही आहे, तीही.”

काकांनी मान वर केली. सही कुणाची ते त्यांना माहीत होतं. गणू बिन बाळू दिवटे. येसूचा सख्खा भाऊ, सुंद्राचा दीर, काकांचे आणि बनाआत्याचे आजोबा. वंशावळीत त्यांच्यापुढं ‘धर्मनिष्ठ, न्यायी पंच’ असं काकांनी लिहिलं होतं आणि मी ते टाइप केलं होतं.

“उज्ज्वला,” ते हळू म्हणाले, “एक बाई घसरली होती. आम्ही झाकलं. त्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आता तू म्हणतेस, ती घसरलीच नव्हती. मग शंभर वर्षं आम्ही काय केलं?”

“तेच विचारतेय मी.”

“लोक हसतील. बाईनं कापड विणलं म्हणून सख्ख्या भावजयीला वाळीत टाकणारं घराणं, असं छापायचं?”

“बाई वाईट होती म्हणताना लाज नाही वाटली. पंच चुकले म्हणताना वाटतेय?” माझा आवाज चढला होता, तो मी उतरवला नाही. “आणि काका, ती खरोखर कुणाकडं जाऊन बसली असती ना, तरी मी तिचं नाव घातलं असतं. माझ्या आजोबाला रेघेनं जन्म दिलेला नाही.”

“झालं का!” मोहनदादा म्हणाला. “दिवट्यांची होतीस तोवर बरी होतीस. फाट्यांकडं गेलीस आणि फाटे फोडायला लागलीस. हे बघ, तुला जमत नसेल तर आपण कोल्हापुरात टाइप करून घेऊ.”

“घ्या. तिथल्या माणसानं रेघ कसली विचारलं तर काय सांगायचं तेवढं ठरवून जा.”

मी कागद गोळा केले. चपला घालणार तोच बनाआत्या उठली. गुडघ्यावर हात देत, भिंतीला धरत. “उजे, बारा वाजत आले. जेवून जा.”

“मला भूक...” असं मी म्हणायला लागले आणि थांबले. ते वाक्य कुणाचं ते ध्यानात आलं.

“वाढ आत्या,” मी म्हणाले.

तिनं एकच ताट घेतलं. मोहनदादा चुळबुळत म्हणाला, “आम्ही पण बसतो की.”

“तुमचं वादाचं निपटू दे आधी,” आत्या म्हणाली. “तिचं जेवण झाल्यावर बसा.”

मी गवारीची भाजी, दोन भाकऱ्या, वरण, भात असं सगळं सावकाश जेवले. ताकही मागून घेतलं. दोन पुरुष बाहेर बसून राहिले आणि मी आत जेवत राहिले. पोट भरल्यावरही थोडं जास्तच जेवले. आईच्या वाटणीचं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. कोल्हापुरात काम गेलं असणार असं मी धरून चालले होते. फाईल मात्र पुसली नाही.

बुधवारी सकाळी शटर वर करते तो पायरीवर काका. एकटे. छातीशी लाल कापडातली वही. एवढं ऊन नव्हतं तरी कपाळावर घाम. मी स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं.

“ही वही घेऊन चालत आलात? निरोप पाठवायचा होता.”

“निरोपानं होण्यासारखं काम नाही.” त्यांनी कापड सोडलं आणि मागची सात-आठ पानं वेगळी काढली. “ही मी उतरवलीच नव्हती. शाई फुटलीय असं सगळ्यांना सांगत आलो. फुटली आहेच. पण...” त्यांनी कापडाची घडी घातली. “पहिल्याच ओळीत तिचं नाव दिसलं होतं. पुढं वाचावंसं वाटलं नाही. आजोबांच्या हातचं होतं ना. आता डोळे साथ देत नाहीत. तू वाच.”

“इथं?”

“इथंच. मोठ्यानं वाच.”

मी पान काचेवर ठेवलं, पडद्यावर मोठं केलं. शाई खरंच फुटली होती; काही शब्द नुसते डाग होते. मी बोट फिरवत एकेक अक्षर लावत गेले आणि काका वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलासारखे मान पुढं काढून ऐकत राहिले.

“शके अठराशे चौतीस. म्हणजे चार वर्षांनंतरचं, काका.”

“हं. पुढं.”

“‘सुंद्रा कोष्टीण हीस पंचांनी देवळात बोलाविले. पोर मोठे जाहले, त्याचे मुंजीलग्नास...’ नाही, मुंज नाही... ‘त्याचे पुढे लग्नकार्यास अडचण, सबब माग सोडल्यास पंक्तीस घेऊ, म्हणोन सांगितले.’”

“चार वर्षं विणत होती,” काका म्हणाले. “चार वर्षं.”

“‘तीस विचारिता...’” इथं डाग होता. मी पान तिरकं केलं, प्रकाश कमी-जास्त केला. “‘तीस विचारिता बोलली की, पंगत तुमची तुम्हांस लखलाभ. माग सोडीत नाही. ऐसे बोलली व पंचांसमोरून उठोन गेली.’”

काकांनी मला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

“उठोन गेली?”

“उठोन गेली.”

ते पडद्याकडं बघत राहिले. एक बाई दाखल्याची प्रत मागायला आली, ती आमच्याकडं बघून न बोलता बाजूला उभी राहिली.

“खाली सही आहे?” काकांनी विचारलं.

“आहे. त्यांचीच.”

“घे. दोन्ही ठरावांखाली घे. आजोबांचं नाव गाळायचं नाही.” त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि तो उलटा घातला, मग नीट घातला. “तिच्यापुढं व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंयस?”

“विणकर.”

“बरोबर.” ते उठले, पायरीपर्यंत गेले, कठड्याला धरून उभे राहिले. मग मागं वळून, शाळेत सूचना द्यायचे त्या आवाजात म्हणाले, “आणि ते शेवटचं वाक्य, ‘उठोन गेली’, ठळक टाइपात घे.”